शिकवणीचे ऋण कोणावर?

काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात आमचे जे वाचक गेले असतील, त्यांस हे ठाऊकच आहे की, बैल घेणारा शहाणा शेतकरी केवळ विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजीत नाही. तो जनावराचा जबडा उघडून दात पाहतो, आदत आहे की दुसा की चौसा याची खात्री करून घेतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवूनही पाहतो. परंतु हाच शेतकरी घरी येऊन आपल्या मुलास विचारतो, "कितवीत आहेस रे?" आणि मुलाने "पाचवीत" असे म्हटले म्हणजे त्याचे समाधान होते. त्या मुलास दुसरीच्या पुस्तकाचे एक पान तरी वाचता येते काय, हे तो पाहत नाही. आम्हीही या दोषापासून मुक्त नाही. गावोगाव हिंडताना आम्ही मुलांस इयत्ताच विचारीत आलो. "वाचून दाखव" असे क्वचितच म्हटले.

येथे नीतीचा एक प्रश्न उद्भवतो. वर्गाचा अभ्यास पुढे गेला आणि मूल मागे राहिले, तर त्यास हात देऊन वर घेण्याचे ऋण कोणावर? बापावर, शिक्षकावर, की शेजाऱ्यावर?

पुष्कळ लोक म्हणतात, बापावर. त्याने शिकवणी लावावी. ज्याच्या घरी दुधाचा पैसा येतो तो लावतोही, आणि त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. शिकलेली एखादी मुलगी संध्याकाळी आपल्या ओसरीवर चार मुले बसवून दोन पैसे मिळवील, तर तिचेही काही चुकले असे नाही. परंतु जो बाप कोयता घेऊन उसाच्या फडात उतरतो, आणि हंगाम संपला म्हणजे पाल उचलून दुसरीकडे जातो, त्याने शिकवणी कोठून लावावी? 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हेच मांडले होते की, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो. म्हणून प्राथमिक शिक्षणावर पहिला हक्क तिचा आहे. ज्याने आधीच मोल भरले, त्यास तीच वस्तू संध्याकाळी पुन्हा विकत घे असे सांगणे न्यायाचे नव्हे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सन 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या 24 व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखावी आणि गरज असेल तेथे त्यास जादा शिकवावे, हे त्यांतील एक होय. 28 व्या कलमाने शिक्षकास खासगी शिकवणीची मनाई केली आहे. या दोन कलमांचा अर्थ एकत्र लावला म्हणजे कळते की, मागे राहिलेल्या मुलास अधिक शिकविणे हा उपकार नसून शाळेच्या देण्याचाच एक भाग आहे. शिकवणी घेण्यात पाप नाही. पण संध्याकाळी शिकवणी आहे म्हणून दुपारी वर्गात हात आखडता घेतला, तर ते देणे बुडविल्यासारखे होईल.

तरी सर्व ओझे शिक्षकाच्याच डोक्यावर टाकणे योग्य होणार नाही. याच कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीपर्यंत साठ मुलांस दोन शिक्षक पुरे मानले आहेत. पाच इयत्ता आणि दोन माणसे! त्यांतही निवडणूक व जनगणना यांची कामे त्यांजकडेच येतात. अशा स्थितीत तो पाठ्यपुस्तक पुरे करण्याची घाई करतो, आणि ज्यास अक्षरओळख नाही ते मूल मागच्या ओळीत मुकाट्याने बसून राहते.

हे मौन आता महाग पडणार आहे. 2019 च्या दुरुस्तीस अनुसरून महाराष्ट्राने 2023 पासून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा ठेविली आहे. जे मूल नापास होईल त्यास जादा शिकवून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेस बसवावयाचे, आणि तरीही न जमले तर त्याच वर्गात ठेवावयाचे, असा हा नियम आहे. न शिकलेल्या मुलास वर ढकलणे ही फसवणूक होती, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ते दोन महिने न शिकविताच गेले, तर शिक्षा भलत्यालाच होईल. ऋण बुडविले दुसऱ्याने आणि जप्ती आली पोरावर, असा तो प्रकार होईल.

म्हणून शेजाऱ्याचेही काही देणे आहे, असे आम्ही म्हणतो. मात्र त्याने काय शिकवावे, हे नीट समजून घेतले पाहिजे. पाचवीच्या मुलाचा गृहपाठ आपणच लिहून देणे म्हणजे शिकविणे नव्हे. तेणेकरून खोटेपणा मात्र वाढतो. 1995 साली मुंबईत सुरू झालेल्या प्रथम या संस्थेने एक साधी रीत पुष्कळ ठिकाणी चालविली आहे. मुलास आधी अक्षर, मग शब्द, मग लहान परिच्छेद, मग गोष्ट वाचावयास द्यावी. जेथे ते अडेल तेथूनच आरंभ करावा. आणि इयत्ता न पाहता सारख्या पायरीची मुले रोज काही वेळ एकत्र बसवावी. मोठ्या मुलास लहानांत बसण्याची लाज वाटेल, हे खरे. ती लाज थट्टेने वाढते व ममतेने जाते. म्हणून शिकविणाराने आवाज हळू ठेवावा.

प्रिय वाचकहो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. तेथे जाऊन भांडू नका. एवढेच विचारा की, आमच्या शाळेत वाचता न येणारी मुले किती, आणि त्यांच्यासाठी कोणती वेळ राखली आहे? आणि तेथे जाण्यापूर्वी आज रात्री आपल्या मुलास, व शेजारच्या पालातील मुलासही, जवळ बसवून एक अनोळखी पान वाचावयास द्या. बैलाचे दात पाहण्यास आपणांस वेळ सापडतो. मग यासही सापडेल.