शेजाऱ्याचा बोका

शेजारधर्माविषयीं लिहितांना आपल्याकडे बहुधा माणसांचाच विचार होतो. उसनें घेतलेलें परत करावें, अडल्यावेळीं धांवून जावें, भिंतीपलीकडचें भांडण कानांवर आलें तरी आलें नाहीं असें दाखवावें, एवढें केलें म्हणजे हा धर्म पाळला गेला असें आपण समजतों. परंतु शेजाऱ्याचा धष्टपुष्ट बोका खिडकीवाटे आंत शिरतो, आपल्या म्हाताऱ्या मांजरीचें दूध पितो, तिला कोपऱ्यांत गांठून ओरबाडतो आणि जातांना दारावर मूत्राचा फवारा मारून आपली सत्ता जाहीर करतो, तेव्हां ह्या धर्माची खरी परीक्षा होते. विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. पण एका जिन्यावरचीं दोन बिऱ्हाडें वर्षानुवर्षें अबोला धरतात तीं असल्याच कारणांनीं.

ह्यांत अपराधी कोण? बोका तर नव्हेच. अपराध होण्यास मर्यादेची जाणीव असावी लागते, आणि बोक्याची हद्द वासानें ठरते. भिंती व दस्तऐवज त्याला ठाऊक नाहींत. खच्ची न केलेल्या नरानें दूरवर भटकावें, दुसऱ्या मांजराशीं झुंजावें, हा त्याचा स्वभाव आहे. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वीच्या थडग्यांत माणसाशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें आहे. सहवास इतका जुना. तरी बैल जोखडाखालीं आला, कुत्रा आज्ञेंत आला, मांजर मात्र बिऱ्हाडकरूसारखेंच राहिलें.

कायद्यानेंहि हा भेद मानलेला आहे. दुसऱ्याच्या शेतांत शिरलेल्या गुरांना कोंडवाडा दाखविणाऱ्या आपल्याकडील १८७१ च्या कायद्यांत हत्तीपासून शेळीपर्यंत जनावरांची गणना आहे, पण मांजराचें नांव नाहीं. इंग्लंडांत एका मांजरानें शेजाऱ्याचीं तेरा कबुतरें व दोन कोंबडीं मारलीं. 'बकल विरुद्ध होम्स' नांवानें प्रसिद्ध असलेल्या ह्या दाव्यांत १९२६ सालीं अपील न्यायालयानें मालकास जबाबदार धरलें नाहीं. अमेरिकेंत मांजरें मोकाट सोडणाऱ्या मालकांना दंड करणारें एक विधेयक इलिनॉय संस्थानाच्या विधिमंडळानें मंजूर केलें होतें. राज्यपाल ॲड्ले स्टीव्हन्सन ह्यांनीं १९४९ त तें नाकारलें. थोडें एकटें भटकणें हा मांजराचा स्वभावच आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

परंतु कायदा दंड करीत नाहीं, म्हणून कर्तव्यहि उरत नाहीं, हें अनुमान खोटें आहे. उलट, जेथें कायदा हात आंखडतो तेथें शेजारधर्माचें काम वाढतें. मांडीवर बसला म्हणजे बोका माझा, आणि दुसऱ्याचें नुकसान करून आला म्हणजे तो परमेश्वराचा, असें म्हणतां येत नाहीं. ममत्व घेतलें कीं त्याचा भारहि घ्यावा लागतो. हा भार कांहीं फार मोठा नाहीं. पशुवैद्याकडून बोका खच्ची करून घेतला कीं त्याचें भटकणें, झुंजणें व फवारणें बहुधा पुष्कळ कमी होतें.

शेजारी म्हणेल, "मग तुम्ही खिडकीला जाळी कां लावीत नाहीं?" हें बोलणें उद्धट वाटलें तरी अर्धें खरें आहे. आपल्या आश्रिताचें रक्षण हें प्रथम आपलें काम. मांजराच्या चाव्याची जखम वरून बुजते आणि आंत पू धरते. म्हाताऱ्या मांजरीच्या ती जिवावरहि बेतूं शकते. तेव्हां जाळी लावावी, आणि शेजाऱ्याकडेहि जावें. एकानें जाळी लावली म्हणून दुसऱ्याचें ऋण फिटत नाहीं.

मात्र बहुतेक घरांत ह्या दोहोंऐवजीं तिसराच मार्ग धरला जातो. शेजाऱ्याशीं हंसून बोलावें आणि बोक्यावर उकळतें पाणी ओतावें; किंवा त्याला पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून यावें. १९६० च्या कायद्यानें प्राण्याला असें क्रूरपणें वागविणें हा गुन्हा आहे. पण त्यांतील नैतिक हीनता कायद्याच्या कलमाहून मोठी आहे. ज्याला आपला राग समजूं शकतो त्याच्यासमोर आपण गप्प बसतों, आणि ज्याला तो कधींच समजणार नाहीं त्याला शिक्षा करतों. ह्याला आपण भिडस्तपणा म्हणतों, सलोखा म्हणतों. वस्तुतः तें भित्रेपण आहे, आणि त्याची किंमत एक मुका जीव देतो.

शेजाऱ्याच्या दारीं जाऊन, आवाज न चढवितां, "तुमचा बोका आमच्या मांजरीला फार छळतो, त्याचें कांहीं करूं या," असें सांगणें अवघड असतें. कदाचित् तो रागावेल, चार दिवस बोलणार नाहीं. तें सोसावें. शेजाऱ्यावर विश्वास असल्याखेरीज तक्रार त्याच्या तोंडावर करतां येत नाहीं, आणि तो विश्वास दाखविणें हाहि शेजारधर्माचाच भाग आहे.