साक्ष जपावी कीं पुसावी?

गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास मातेची जी सोनोग्राफी होते, तींत गर्भाचें हृदयहि पाहतात. मोठ्या द्राक्षाएवढें तें हृदय मिनिटास १२० ते १६० ठोके देत असतें. त्याचे चार कप्पे व त्यांतून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या परीक्षकानें थोडक्या वेळांत न्याहाळावयाच्या असतात. पडद्यावरील दृश्य मावळतें आणि मागें 'हृदय निर्दोष' एवढा शेरा उरतो. शेऱ्याबरोबर तें चित्रहि जपावें काय? प्रश्न वरवर कारकुनी दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

जन्मणाऱ्या हजार बालकांपैकीं सुमारें आठांच्या हृदयांत जन्मजात दोष असतो, आणि त्यांतील पुष्कळ दोष या तपासणींत निसटतात. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असली तरी चार कप्प्यांचें चित्र बहुधा निर्दोषच दिसतें. वाहिन्यांचें चित्र नीट घेतलें तरच दोष उमगतो. तो आधीं कळल्यास हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीं प्रसूति योजतां येते. न कळल्यास बालक जन्मतांच निळें पडतें, आणि मातापिता विचारतात, "हें आधीं दिसलें कसें नाहीं?"

उत्तरें तीन संभवतात. योग्य चित्र घेतलेंच नाहीं; घेतलें, पण दोष ओळखला नाहीं; किंवा तो त्या वेळीं दिसण्याजोगाच नव्हता. पहिल्यास उपाय दक्षता, दुसऱ्यास शिक्षण. तिसऱ्यास उपाय नाहीं, तेथें सांत्वनच करावयाचें. चित्र नसेल तर या तिहींतील भेद नाहींसा होतो, आणि त्या सर्वांस आपण दैव हें एकच नांव देतों.

चित्र जपणें म्हणजे आपल्याच विरुद्ध पुरावा सांभाळणें, अशी भीति कांहीं डॉक्टरांस वाटते. ती आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परिणाम ठाऊक असलेल्या डोळ्यास जुन्या चित्रांत दोष सहज दिसूं लागतो. म्हणून फेरतपासणी करणारास परिणाम सांगूं नये, व तें चित्र निर्दोष चित्रांत मिसळून त्याच्यापुढें ठेवावें. परंतु न्यायाधीश चुकेल या भयानें साक्षीदारासच नाहींसें करणें कोणत्या नीतींत बसतें? ज्यानें काम चोख केलें, त्याची बाजू राखणारा साक्षीदारहि तोच ना?

गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें सन १९८८ मध्यें केला. पुढें १९९४ च्या केंद्रीय कायद्याखालीं अशा तपासणीचीं कागदपत्रें व चित्रें दोन वर्षें राखण्याचें बंधन आलें. म्हणजे जपणूक आपण शिकलों, पण गुन्ह्याच्या संशयापोटीं. हृदयाचे कांहीं दोष तर मूल शाळेंत जाऊं लागल्यावर उघडकीस येतात. तोंवर ती मुदत केव्हांच सरलेली असते.

चित्र मातेच्या देहांतील आहे. शिकविण्यासाठीं वापरतांना तिची संमति घ्यावी व नांव झांकावें, हें उघडच आहे. तेवढें सांभाळून तें जपलेंच पाहिजे. एका घरावर कोसळलेलें दुःख आपल्यास परतवितां येत नाहीं. पण त्यापासून कांहींच न शिकतां तें दुसऱ्या घराच्या दारीं जाऊं देणें, हा दैवाचा नव्हे, आपला अपराध होय.