फळ्या बदललेली नाव

कन्नौदहून खातेगावमार्गे नेमावर म्हणजे बसने तासाभराची वाट. गेल्या हिवाळ्यात सिद्धनाथाचे दर्शन घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा वाळूवर एक नाव पालथी घातलेली दिसली. नावाडी पहारीने तिची एक कुजकी फळी उचकटून काढीत होता. शेजारी नवी फळी, खिळे, डांबराचा डबा. आणि जरा अंतरावर पोत्याने झाकलेले डिझेलचे इंजिन. आजवर वल्ह्यांवर चाललेल्या नावेला ते आता बसवायचे होते.

मी सहज विचारले, ‘‘कितनी पुरानी है?’’

‘‘दादा के हाथ की है, माट्साब.’’

मग हिशेब निघाला. तळाच्या फळ्या त्याच्या वडिलांनी बदलल्या होत्या, बाजूच्या त्याने स्वतः. आता इंजिनासाठी मागचा भागही कापावा लागणार होता. ‘‘मग यात आजोबांचे उरले काय?’’ असे मी विचारताच तो हसला. ‘‘नाव तो वही है ना!’’

त्याला ठाऊक नव्हते, पण या प्रश्नावर विद्वानांनी शतकानुशतके डोके खाजवले आहे. थिसिअस या वीराचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले, कुजलेली फळी काढून नवी बसवीत राहिले आणि तत्त्वज्ञांना वादाला विषय मिळाला, असे प्लूटार्कने लिहिले आहे. सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने त्यात आणखी एक पाचर मारली : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचे दुसरे जहाज उभारले, तर खरे कोणते? आपल्याकडे ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? शेवटी ठरते ते असे की, सगळे भाग एकत्र आले की त्यांना व्यवहारात ‘रथ’ हे नाव पडते, एवढेच.

उत्तर चोख आहे; पण मला वाटते, नावाड्याचा प्रश्न निराळा होता. नाव ‘तीच’ आहे की नाही, यापेक्षा ती पलीकडे हंडियाला माणसे पोचवते की नाही, हे तो पाहत होता. आणि आपल्यासारख्यांपुढचा प्रश्न तर त्याहून अवघड, नीतीचा आहे. जे आपण घडवले नाही, केवळ वारशाने मिळाले, ते बदलण्याचा आपल्याला अधिकार किती? आणि न बदलण्याचा तरी किती?

यावर एका मुंबईकर नौकेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी शिडाची नौका हिंदी सागवानात, आपल्याच कारागिरांच्या हातून मुंबईत बांधली गेली आणि १९६४ साली पाण्यात उतरली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा इंग्रज अधिकारी. १४ जून १९६८ रोजी तो तिच्यातून एकटाच निघाला आणि कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडला परतला. शर्यतीत नऊ जण उतरले होते. पुरी केली ती त्याने एकट्यानेच. असा पराक्रम करणारा तो जगातला पहिला माणूस.

पुढे अशा नौकेचे जे होते तेच झाले. तिला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवण्यात आले. ना ऊन, ना लाटा, ना मीठ. आणि तिथल्या कोरड्या हवेत सुहैलीच्या फळ्या आक्रसू लागल्या! ज्या सांध्यांनी दक्षिणेच्या महासागराचा मार सोसला, ते छपराखाली उकलू लागले. २००२ साली मालकाने तिला तिथून बाहेर काढले, म्हातारपणी स्वतः हत्यारे घेऊन कित्येक वर्षे तिची डागडुजी केली, आणि २०१६ मध्ये ती पुन्हा पाण्यावर आली.

ही हकीकत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण असे एक संग्रहालय मी माझ्या घरातच चालवले होते.

आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले. बाहेर हिंदी-माळवी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असा पिढ्यांचा रिवाज. माझी मुलगी लहानपणी शाळेतून येऊन म्हणायची, ‘‘बाबा, हे माझ्या समजमध्ये नाही आलं.’’ मी लगेच, ‘‘समजमध्ये नाही, लक्षात नाही आलं म्हण.’’ ती म्हणायची, ‘‘मी जेवून राहिली आहे.’’ मी, ‘‘जेवते आहे!’’ मास्तरकीची सवय. लाल पेन घरीही खिशातच. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ती माझ्याशी हिंदीत बोलू लागली. मला वाटले, शाळेचा परिणाम.

दोन वर्षांपूर्वी तिची आई इंदूरला इस्पितळात होती. मुलगी रात्र-रात्र उशाशी बसे आणि सकाळी मला फोनवर सगळे सांगे, हिंदीतून. ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, आई झोपेत कुणाचे नाव घेत होती, सगळे हिंदीतून. आई बरी होऊन घरी आल्यावर मी विचारले, ‘‘माझ्याशी मराठीत का बोलत नाहीस?’’ ती मराठीतच म्हणाली, ‘‘मराठीत बोलले की तुम्ही माझं ऐकत नाही, बाबा. माझी मराठी ऐकता.’’

मग काय, सगळेच सोडून द्यावे? जे येईल ते चालू द्यावे? तसेही मी म्हणणार नाही. एकनाथांचे उदाहरण पाहा. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून, शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. तिथे एक ओवीही इकडची तिकडे होऊ नये, हा त्यांचा कटाक्ष. पण त्याच नाथांनी स्वतःचे भागवत काशीत पुरे केले ते आपल्या काळच्या मराठीत, आणि हिंदू-तुर्काचा संवाद लिहिताना हिंदुस्थानीही खुशाल वापरली. दुसऱ्याचे लेणे जसेच्या तसे राखायचे. आपली बोली वापरून जिवंत ठेवायची. हा विवेक त्यांच्यापाशी होता. माझी चूक ही की, मुलीच्या तोंडच्या बोलीला मी पोथी समजलो.

नावाड्यानेही सगळेच बदलले नव्हते. तळाचा तो लांब कणा, ज्याला कोकणात पठाण म्हणतात, त्याला हात लावला नव्हता. आणि इंजिनाच्या हादऱ्याने सांधे ढिले होतात, म्हणून मागच्या बाजूला आतून जाड लाकडाचे जादा आधार ठोकले होते. नवे घ्यायचे तर जुने आधी मजबूत करावे लागते, एवढे तो शाळेत न जाता शिकला होता. आमच्या घरांतला कण म्हणजे कुठले शुद्ध रूप नव्हे. सुखदुःख एकमेकांना याच भाषेत सांगावेसे वाटणे, हा तो कणा. तो मोडला की कोशातले सगळे शब्द जागच्या जागी असून उपयोग काय? आणि जादा आधार हवेतच : रात्री मोठ्याने वाचलेले एखादे पुस्तक, आजीची गोष्ट, मराठीत लिहिलेले एखादे पत्र.

पावसाळ्यानंतर पुन्हा नेमावरला गेलो. नाव पाण्यात होती. इंजिन धडधडत आम्ही निघालो. तळाशी दोन जुनी वल्ही आडवी ठेवलेली दिसली. ‘‘आता ही कशाला?’’

‘‘इंजन बंद पड़ जाए तो, माट्साब?’’

परवा मुलीचा फोन आला. ‘‘बाबा, मी दिवाळीला येऊन राहिली आहे.’’

मी म्हणालो, ‘‘ये. वाट पाहतो.’’