तू 'तू' का झाली नाहीस?

मैलूरच्या घरी परवा सामायिक झालं आणि उठता उठता मी लेकीला बोलून गेले, "काकांची पोरगी बघ, इंजिनियर झाली. तू तशी का नाहीस?" ती गप्प झाली. मलाच रात्रभर लागून राहिलं.

ज्यू लोकांत एक गोष्ट सांगतात. झुस्या नावाचे संत म्हणत, मेल्यावर मला 'तू मोझेस का झाला नाहीस' असं कुणी विचारणार नाही. 'झुस्या का झाला नाहीस' असं विचारतील.

बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड आपल्याच शिवमोग्ग्यात जन्मल्या. बहीण मुंबईच्या कामा हॉस्पिटलात बरी झाली, तेव्हा लहानग्या जेरुशानं डॉक्टर व्हायचं ठरवलं. लंडनला शिकल्या, 1928 ते 1947 त्याच हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, 1966 मध्ये पद्मश्री मिळाली. हा ध्यास त्यांचा स्वतःचा होता, कुणाची नक्कल नव्हे.

आपल्या धर्मात असा जाब विचारणारा देव नाही. आत्म्यात अनंत वीर्य आहे, वर कर्माचं आवरण. ते ज्याचं त्यानं दूर करायचं. म्हणून बायांनो, हा प्रश्न प्रतिक्रमणात आपणच आपल्याला विचारायचा.

लेकीचा हात शिवणावर छान बसलाय. सकाळी म्हटलं, "चल, तुझं मशीन दुरुस्त करून आणू."