चावी कोणी दिली?

मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर शिक्षा पालकाला, अशी बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये मोठी चर्चा रंगली होती. आमचे एक बुजुर्ग सहकारी फार चिडले होते. ते म्हणाले, "गुन्हा मुलाचा आणि कैदेत जाणार बाप! हा कुठला इन्साफ? दुसऱ्याच्या गुनाहचे ओझे कोणाच्या डोक्यावर टाकले जाणार नाही, असे कुरआन आपल्याला शिकवते. प्रत्येकाला हिशेब द्यायचा तो आपल्याच अमलांचा." त्यांचे म्हणणे मला पटले होते. मी मानही हलवली होती. तो प्रश्न पुढे माझ्याच अंगणात येऊन उभा राहील, असे तेव्हा वाटले नव्हते.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू. 199-अ हे नवे कलम 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाले. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलाने गाडी नेली ती पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच, असे न्यायालय गृहीत धरते. सुटायचे असेल तर आपल्या नकळत हे घडले किंवा आपण रोखण्याची पुरेपूर काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचे. 'पालक किंवा मालक' यातला 'मालक' हा शब्द मी त्या दिवशी वाचला होता, पण तो माझ्यासाठी असू शकतो हे ध्यानात आले नव्हते.

कोकणातल्या आमच्या गावांची रीत वाचकांना ठाऊक आहे. बाप कुवेतला किंवा सौदीला, घरात आई, दादी आणि भावंडे. एस.टी. दिवसातून दोनदा, तीही वरच्या रस्त्याला. दळण, औषध, बँक, बहिणीला क्लासला सोडणे, सगळे मोठ्या मुलावर. मग बाप सुट्टीवर येतो आणि जाताना अंगणात एक मोटारसायकल उभी करून जातो. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा घरातला मर्द होतो. गावात कोणाला त्यात वावगे वाटत नाही. उलट, "माशाअल्लाह, किती लवकर शिकला" असे कौतुक होते. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभ्या असलेल्या दुचाक्या मोजा आणि त्यांवर बसून जाणाऱ्यांची वयेही मोजा.

जानेवारी 2023 मध्ये आमच्या शाळेत केंद्रप्रमुख तपासणीला आले. लागणारी एक फाईल मी घरी विसरलो होतो. घर चार किलोमीटरवर. मला वर्ग सोडता येत नव्हता, शिपाई रजेवर होता. दहावीचा एक मुलगा व्हरांड्यात दिसला. हुशार, अदबीचा, कुठलेही काम सांगा, 'हो सर' म्हणणारा. मी खिशातून माझ्या मोटारसायकलची चावी काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "जा, दहा मिनिटांत ये." लायसन्स आहे का, असे विचारले नाही. विचारण्यासारखे काही नव्हतेच, त्याची जन्मतारीख माझ्याच हजेरीपत्रकात होती. पंधरा वर्षे आठ महिने.

परतताना उतारावरच्या वळणावर जांभ्याच्या खडीवरून गाडी घसरली. त्याच वेळी कुणबीवाडीतली एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन कडेने येत होती. गाडी तिच्यावर गेली. मुलाच्या खांद्याचे हाड मोडले, तिचे मनगट. दोघेही वाचले. फाईलला ओरखडाही आला नव्हता आणि तपासणी उत्तम झाली, हे लिहिताना आजही लाज वाटते.

यानंतर जे घडले ते मला अपघातापेक्षा जास्त छळते. तालुक्याच्या दवाखान्यात मुलाला शुद्ध आली तेव्हा त्याच्या आईने विचारले, गाडी कोणाची? तो म्हणाला, "सरांची. टेबलावर चावी होती, मी न विचारता घेतली." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही आणि मी काही बोललो नाही. कायद्यात मालकाला सुटण्यासाठी जी एक खिडकी ठेवलेली आहे, 'माझ्या नकळत', ती त्या पोराने माझ्यासाठी उघडून दिली होती आणि मी तिच्यातून निमूट बाहेर पडलो.

म्हातारीच्या मुलाने तक्रार केली नाही. "मास्तरांच्या शाळेतलं पोर आहे, जाऊ दे," म्हणाला. औषधपाण्याचा खर्च कुवेतच्या पैशातून मुलाच्या आईने केला. मीही पाच हजार रुपये दिले, तर त्या म्हातारीने डाव्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवून दुआ दिली. जमातीतल्या लोकांनी सरांचे मन मोठे म्हणून सांगितले. जे कर्ज होते ते खैरात म्हणून मोजले गेले. आणि ज्याने त्याने एकच वाक्य उच्चारले, "अल्लाहची मर्जी." त्या दिवसांत तकदीरवर माझे ईमान फार पक्के झाले होते! आपल्या सोयीची तकदीर माणूस किती लवकर मान्य करतो!

तेव्हापासून मी त्या जुन्या चर्चेकडे परत परत येतो. आपल्या फिक्हमध्ये वयाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. बालिग होणे ही एक गोष्ट आणि 'रुश्द', म्हणजे बरे-वाईट ओळखून व्यवहार सांभाळण्याची समज, ही दुसरी. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीम मुलांची मालमत्ता त्यांच्या हवाली कधी करावी याचा हुकूम आहे. तिथे नुसते वय पुरेसे धरलेले नाही. त्यांना पारखत राहा आणि समज दिसली तर मालमत्ता सोपवा, असा त्याचा आशय आहे. पारखायचे कसे, यावर मुफस्सिरांनी लिहिले आहे की थोडी रक्कम हाती देऊन देखरेखीखाली व्यवहार करायला लावावे. इमाम अबू हनीफा यांनी शारीरिक खुणा दिसल्या नाहीत तर मुलासाठी अठरा वर्षांची हद्द सांगितली. त्यांच्याच दोन्ही शागिर्दांनी पंधरा सांगितली आणि फतवा पंधरावर आहे. पण समज न आलेल्या तरुणाची मालमत्ता पंचवीस वर्षांपर्यंत रोखून ठेवावी, असेही इमामसाहेबांचे मत आहे. नव्या कलमातले अठरा आणि पंचवीस हे आकडे वाचून मी चकित झालो होतो. योगायोगच तो, पण मालमत्तेसाठी इतकी सावधगिरी बाळगणारे आपण, ज्या यंत्राने जीव जातो ते पोराच्या हाती देताना एवढेच पाहतो की त्याचे पाय जमिनीला टेकतात की नाही.

पारखत पारखत सोपवायचे, ही कल्पना आता जगात परवान्याच्या बाबतीतही रुजली आहे. न्यूझीलंडने 1987 साली टप्प्याटप्प्याचा परवाना सुरू केला. आधी शिकाऊ, मग बंधनांचा, मग पूर्ण. मधल्या टप्प्यात अनुभवी माणूस शेजारी नसेल तर रात्री दहा ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही आणि कोणाला सोबत बसवायचे नाही. रात्र आणि दोस्तमंडळी, तरुण चालकाच्या या दोन मोठ्या धोक्यांपासून त्याला काही काळ दूर ठेवायचे. आपल्याकडे शिकाऊ परवाना मिळाला की तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते आणि एकदा तो हातात पडला की मध्यरात्री तीन मित्रांना घेऊन घाट उतरायलाही मोकळीक. सोळा वर्षांच्या मुलासाठी आपल्या कायद्यात एक दार आहे. 50 सी.सी.पर्यंतची दुचाकी त्याला चालवता येते, बिनगिअरच्या शिकाऊ परवान्यावर पालकाने लेखी संमती दिली तर. पण ते दार लुनाच्या जमान्यातले. आज दुकानात जी साधी स्कूटर मिळते ती शंभर सी.सी.च्या वरची. म्हणजे परवाना आहे, पण त्यावर चालवायला गाडी नाही.

हे कायद्याचे दोष झाले. ते मोजताना मी माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नापासून पळत तर नाही ना? इन्साफ कुठला, असे ते विचारत होते. आता मला वाटते, आम्ही प्रश्नच चुकीचा मांडला होता. मुलाच्या हातून गाडी घसरली, ते त्याचे. चावी खिशातून काढून त्याच्या तळहातावर ठेवण्याचा अमल माझा होता. तो मी पूर्ण शुद्धीत, चाळिशीकडे झुकलेल्या वयात, बी.एड.ची पदवी गाठीशी असताना केला. त्याचा हिशेब माझ्याकडून मागितला तर दुसऱ्याचे ओझे माझ्यावर टाकल्यासारखे कसे होईल? अल्पवयीनाच्या हातून खून झाला, अगदी जाणून केलेला असला तरी, हनफी फिक्ह तो चुकीने झालेला मानते आणि दियतीचा भार त्याच्या नात्यातल्या मोठ्यांवर टाकते. मोठ्यांनी लहानांच्या बाबतीत काहीतरी देणे लागते, हे तिथे गृहीतच आहे.

तरीही या कलमापुढे मी मान तुकवतो असे नाही. ज्या विधवेचा सतरा वर्षांचा मुलगा तिच्या हातातून चावी हिसकावून नेतो, तिने आपण काळजी घेतली होती हे कोणत्या कागदाने सिद्ध करायचे? आणि पंचवीस वर्षांपर्यंत परवाना नाही, ही शिक्षा सर्वांना सारखी लागत नाही. श्रीमंताचा मुलगा ड्रायव्हर ठेवील. आमच्याकडच्या मुलाला मात्र तोपर्यंत रिक्षा नाही, टेम्पो नाही, आखातात ड्रायव्हरची नोकरी नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. लोक संतापले, ते योग्यच होते. मी मात्र दुसऱ्याच विचारात पडलो. मी आजवर मुलांकडून हजारो निबंध लिहून घेतले आहेत, 'वाहतुकीचे नियम' या विषयावरही. निबंध खरे तर मी लिहायला हवा होता. तो आज लिहितो आहे, तीनशे शब्दांत काही तो मावला नाही.

मुलाने यंदा अठरा पूर्ण केली. शिकाऊ परवान्याच्या अर्जाचे विचारायला तो मागच्या महिन्यात घरी आला. त्याचा खांदा अजून किंचित खाली झुकलेला दिसतो. मी त्याला म्हणालो, मी ती गोष्ट लिहिणार आहे. तो गडबडला. म्हणाला, "सर, कशाला? कोणाला माहीत पण नाही."

म्हातारीकडे मी गेलो. चावी मी दिली होती, हे तिला सांगितले. तिचे मनगट वाकडेच जुळले आहे, भाकरी थापता येत नाही. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि सुनेला चहा टाकायला सांगितले. यावेळी दुआ दिली नाही.

मग कुवेतला मुलाच्या वडिलांना फोन केला. सगळे सांगितले, त्याचे खोटे बोलणे आणि माझे गप्प बसणेही. पलीकडे इतकी शांतता झाली की लाईन तुटली असे वाटून मी दोनदा 'हॅलो' म्हणालो. मग ते म्हणाले, "सर, गाडी त्याला मीच शिकवली होती. सुट्टीवर आलो होतो तेव्हा. चौदाचा होता."