वादळाचा दोष किती?

मेघ दिसू लागताच विरहिणीचे चित्त व्याकूळ व्हावे, हा आपल्याकडील जुना कविसंकेत आहे. पाश्चात्त्य लघुकथेत आभाळ भरून येते ते पुष्कळदा निराळ्या हेतूने. एकत्र नांदणाऱ्या दांपत्याच्या संसारातील उणीव ते उघडी करते. अशी कथा वाचून आपण "वादळात तोल गेला" असे म्हणतो व पुस्तक मिटतो. हा निवाडा आम्हांस घाईचा वाटतो.

चेखोवची 'चेटकीण' ही कथा १८८६ सालची. बाहेर हिमवादळ घोंघावत आहे. चर्चचा सेवक सावेली अंथरुणात पडल्या पडल्या पत्नी रईसा हिच्यावर आरोप करतो की, परपुरुषांना घरी आणण्यासाठी हे वादळ तीच उठविते. वाट चुकलेला तरुण टपालवाला खरोखरच दारी येतो, आणि सावेलीचा संशय दृढ होतो. परंतु या दोघांचा विवाह कसा झाला? रईसेचे वडील त्याच चर्चचे सेवक होते. त्यांच्या मागे घर व जागा मुलीकडे राहावी, एवढ्याचसाठी नव्या सेवकाशी तिचे लग्न लागले. मनाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सावेली वादळाबद्दल बायकोला दोष देतो; आपण बायकोबद्दल वादळाला देतो. त्या लग्नाकडे मात्र तोही पाहत नाही आणि आपणही पाहत नाही.

अमेरिकन लेखिका केट शोपिन यांची 'वादळ' ही कथा याहून अवघड आहे. १८९८ साली लिहिलेली ही कथा छापली गेली ती १९६९ साली, लेखिकेच्या मृत्यूनंतर ६५ वर्षांनी. लुइझियानातील कॅलिक्स्टा ही काही गांजलेली स्त्री नव्हे. तिचा नवरा बॉबिनो वादळामुळे मुलासह दुकानात अडकतो व तेथे तिच्या आवडीची कोळंबी विकत घेतो. इकडे पूर्वी जिच्या ओढीने तो व्याकूळ झाला होता, तिच्याच दारी आल्से आसऱ्याला येतो. जवळच्या झाडावर वीज कोसळते आणि दोघांचाही संयम सुटतो. पण याच कथेत आल्सेची पत्नी क्लॅरिस दूर बिलॉक्सीला आहे. आणखी काही दिवस खुशाल राहा, असे नवऱ्याचे पत्र येताच तिला लग्नानंतर प्रथमच मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटते. तिच्या या सुटकेच्या भावनेला कोणत्याही वादळाची गरज लागलेली नाही.

लेखिका कोणालाही शासन करीत नाही. शेवटी सारेच सुखी दिसतात. काही वाचकांना याचा संताप येतो, काहींना ते धैर्य वाटते. आमचे लक्ष मात्र बॉबिनोकडे जाते. बायको रागावेल या धास्तीने तो मुलाच्या अंगावरील चिखल पुसून भीत भीत घरात पाऊल टाकतो, आणि ती कधी नव्हे इतक्या प्रेमाने त्यांचे स्वागत करते. रात्री जेवताना तिघेही खळखळून हसतात. त्याचे हसणे खरे आहे, तिचेही खोटे नाही. परंतु ज्या आनंदाचे मूळ एकाला माहीत नाही आणि दुसऱ्याला सांगता येत नाही, तो आनंद दोघांचा म्हणता येईल काय? पाऊस थांबल्यावरही हा प्रश्न त्या घरात उरतो.