किंमत आणि चेहरा

जमैका बेटावरील किंग्स्टन शहरातील रस्त्यावरचा बाजार दाखवणारी जुनी छायाचित्रे अनेक संग्रहांत आढळतात. एकोणिसावे शतक संपता संपता काढलेल्या या चित्रांतील दृश्य बहुधा सारखेच असते. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या स्त्रिया, ओझी वाहणारी गाढवे, जमिनीवर मांडलेली कंदमुळे आणि केळी, आणि भर उन्हात दाटलेली गर्दी. पाहणारा सुखावतो. चित्राखालच्या ओळीत स्थळाचे नाव असते; माणसांचे नसते. हे सुखावणे कितपत निर्दोष आहे?

उत्तरासाठी बाजाराचा पूर्वेतिहास ध्यानात घ्यावा लागतो. गुलामांच्या अन्नाचा खर्च वाचावा म्हणून ऊसमळ्यांचे मालक त्यांना उसाला निरुपयोगी अशी डोंगराळ जमीन कसू देत. पोटापुरते ठेवून उरलेले पीक ते रविवारी बाजारात विकत. कायद्याने जो स्वतःच मालमत्ता होता, तो तेथे भाव सांगत होता, घासाघीस करत होता, प्रसंगी नकारही देत होता. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, तेव्हा मालकांना २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली; गुलामांना काहीच मिळाले नाही. १८३८ साली ते पूर्णतः मुक्त झाले, तेव्हा बाजाराचे हे कसब त्यांच्या हाती होते. ‘हिग्लर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी ते पुढे चालवले.

ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते. ज्याला प्रतिष्ठा असते त्याला पर्याय नसतो, हा भेद इमॅन्युएल कांट याने १७८५ साली मांडला. या छायाचित्रांची कसोटी येथेच लागते. १८९१ साली किंग्स्टनमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, आणि बेट प्रवाशांना नयनरम्य भासावे, हा प्रयत्न त्या सुमारास जोर धरू लागला. त्या प्रयत्नाला टोपलीवाली कोणतीही चालत होती. एकीच्या जागी दुसरी उभी राहिली असती, तरी चित्राचे काहीच बिघडले नसते. गुलामांच्या बाजारातला अन्याय आणि हा अन्याय समान नव्हेत. एकाने देह विकला, दुसऱ्याने केवळ रूप. तरीही माणूस बदलता येण्याजोगा मानणारी दृष्टी दोहोंत आहे.

मग ही चित्रे पाहूच नयेत काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. त्यांतील बहुतेक स्त्रियांची दुसरी प्रतिमा उरलेली नसावी; पाठ फिरवल्यास तीही हरवते. शिवाय छायाचित्रात काढणाऱ्याच्या हेतूपेक्षा अधिक काही उतरते. कोणी कॅमेऱ्याकडे रोखून पाहते, कोणी गिऱ्हाइकात गुंतल्यामुळे पाठमोरी राहते, कोणी हालचालीमुळे पुसट होते. ती पुसट आकृती चित्राचा दोष मानली जाते. वस्तुतः तिच्यासाठी आपले काम चित्रापेक्षा महत्त्वाचे होते, एवढेच तिच्यातून कळते.

पाहणाऱ्याला तिचे नाव परत देता येत नाही; कल्पनेने दिले, तर ती दुसरी उचलेगिरी ठरेल. त्याला एवढेच शक्य आहे की, गर्दी पाहून न थांबता टोपलीतला माल पाहावा, तो पिकवणारे हात आठवावेत, आणि त्या मालाचा भाव सांगण्याचा अधिकार तिच्या पूर्वजांनी केव्हापासून बजावला होता, हे विसरू नये.